घरचा स्ट्रीमर संगीत सेवांना जोडायचा कसा? (आणि बाबांना फोनशिवाय गाणी ऐकता येतील का?)

स्वरवेल

नमस्कार मंडळी. इथे वाचत बरेच दिवस होते, धागा पहिल्यांदाच काढतेय.

आमच्याकडे बाबांचा जुना ॲम्प्लिफायर आणि लाकडी स्पीकरची जोडी आहे. वीस-बावीस वर्षांचे, पण आवाज अजून खणखणीत. आधी कॅसेट डेक गेला, मग सीडी प्लेअरने डिस्क वाचणं सोडलं, आणि त्यानंतर दोन-तीन वर्षं स्पीकर नुसते उभे होते. गेल्या महिन्यात त्याला जोडायला एक छोटा नेटवर्क स्ट्रीमर (इंटरनेटवरून गाणी आणून ॲम्पला देणारं यंत्र) आणला. तारा लावल्या, वाय-फायवर घेतला, इथवर सगळं सुरळीत.

घोळ पुढे सुरू झाला. ज्या सेवेवर मी रोज गाणी ऐकते, तिच्या ॲपमध्ये डिव्हाइसची यादी उघडली की माझ्या फोनवर स्ट्रीमर दिसतच नाही. भावाच्या फोनवर त्याच सेवेच्या ॲपमध्ये लगेच दिसतो. स्ट्रीमरचं स्वतःचं ॲप माझ्या फोनवर व्यवस्थित चालतं. शेवटी ब्लूटूथने लावते, तर मध्येच कुणाचा फोन आला की गाणं थांबतं आणि रिंगटोन स्पीकरवर वाजते.

दुसरी एक सेवा महिनाभर वापरून बघायला घेतली आहे. तिचं लॉगिन स्ट्रीमरच्या ॲपमधूनच केलं. साधी गाणी नीट वाजतात, पण २४ बिट/१९२ (म्हणजे सीडीपेक्षा वरचा दर्जा) असं लिहिलेलं काही लावलं की दोन मिनिटांनी अडखळतं.

आणि खरं कारण म्हणजे बाबा. वय ७८, हाताला कंप आहे, फोनच्या काचेवर बोट ठरत नाही. सकाळी उठून स्वतःच्या हाताने गाणं लावण्यात त्यांचा जीव आहे. कुणीतरी लावून दिलेलं त्यांना नको असतं. फोनशिवाय हे जमेल का?

कनेक्ट, कास्ट, एअरप्ले यांत नेमका फरक काय तेही कुणी सांगितलं तर बरं होईल.

निवांत

राउटर आणि स्ट्रीमर दोन्ही बंद करून पाच मिनिटांनी चालू केलेत का? आमच्याकडे निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

तारयंत्र

स्वरवेल, तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तो कळला की बाकीचं सोपं होतं.

गाणं कोण आणतंय, एवढंच बघायचं. ब्लूटूथमध्ये फोन विहिरीवर जातो, बादली भरतो आणि स्ट्रीमरच्या टाकीत ओततो. म्हणून फोन दुसऱ्या कामात अडकला की पाणी बंद. एअरप्लेतही पाणी फोनच भरतो, फक्त वाय-फायच्या मोठ्या बादलीने, त्यामुळे सांडलवंड कमी. स्पॉटिफाय कनेक्ट, टायडल कनेक्ट, कोबझ कनेक्ट यांत मात्र नळाची जोडणी थेट स्ट्रीमरला असते. फोन फक्त तोटी फिरवतो. फोनने सांगायचं, 'हे गाणं लाव', आणि स्ट्रीमर स्वतः त्या सेवेच्या सर्व्हरकडून ते घेणार. गूगल कास्टही बहुतेक याच पद्धतीने चालतं.

यातलं स्पॉटिफायचं कनेक्ट सगळ्यात जुनं, २०१३ चं. टायडलचं २०२० मध्ये आलं, कोबझचं अगदी अलीकडे, २०२५ मध्ये. त्यामुळे तुमचा स्ट्रीमर कधीचा आहे आणि कंपनीने त्याला नवे अपडेट दिले का, यावर त्यात काय मिळेल ते ठरतं. खोक्यावरची चिन्हं नीट वाचा. नुसतं 'टायडल' लिहिलं असेल तर ती सेवा स्ट्रीमरच्या ॲपमधून वाजेल, पण 'टायडल कनेक्ट' असेलच असं नाही. दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मंद्रसप्तक

तारयंत्रांशी सहमत. स्वतःची खात्री करायची असेल तर गाणं लावा, अर्धं मिनिट जाऊ द्या, मग फोन विमान मोडवर टाका आणि वाय-फाय, ब्लूटूथही बंद आहेत ना बघा. गाणं चालूच राहिलं, आणि ते संपल्यावर पुढचंही लागलं, तर स्ट्रीमर स्वतः आणतोय. थांबलं तर फोन वाहतोय. घरात कुठली जोडणी खरी कुठली नाही, ते मी असंच तपासलं.

कोमल रिषभ

माझ्या फोनवर ऑफिसचं व्हीपीएन चालू असायचं तेव्हा घरातलं एकही डिव्हाइस दिसायचं नाही. ते बंद केलं की सगळी यादी हजर. स्वरवेल, व्हीपीएन बघा.

वायरमन

कोमल रिषभ, व्हीपीएनने असं होतं हे खरं, पण इथे ते कारण नसावं. स्वरवेल यांनी एक महत्त्वाची गोष्ट लिहिली आहे:

> स्ट्रीमरचं स्वतःचं ॲप माझ्या फोनवर व्यवस्थित चालतं.

व्हीपीएन आड आलं असतं तर तेही ॲप आंधळं झालं असतं. फोन पाहुण्यांच्या वेगळ्या नेटवर्कवर असता, किंवा राउटरने डिव्हाइसांना एकमेकांशी बोलायला मनाई केली असती, तरी तेच झालं असतं. म्हणजे फोन आणि स्ट्रीमर यांच्यातला रस्ता मोकळा आहे. अडचण त्या एका ॲपपुरती आहे.

स्ट्रीमर दिसतो कसा ते सांगतो. तो दर थोड्या वेळाने घरच्या नेटवर्कवर हाळी देतो, 'मी इथे आहे, मला अमुक अमुक वाजवता येतं.' या हाळीला एमडीएनएस म्हणतात. फोनवरचं ॲप ती ऐकतं आणि यादीत नाव दाखवतं. आयफोनवर २०२० च्या आयओएस १४ पासून प्रत्येक ॲपला ही हाळी ऐकायला वेगळी परवानगी लागते. ॲप पहिल्यांदा विचारतं, 'घरच्या नेटवर्कवरची डिव्हाइस शोधू का?' आणि घाईत आपण नको म्हणतो. नंतर ते पुन्हा विचारत नाही. नव्या अँड्रॉइडवरही आसपासच्या डिव्हाइसची अशी परवानगी असते.

तुमचा फोन आयफोन असेल तर सेटिंग्ज, मग प्रायव्हसी, मग लोकल नेटवर्क. तिथे ॲपची यादी दिसेल. त्या सेवेच्या नावापुढचं बटण बंद असणार असा माझा अंदाज आहे. चालू करा, ॲप पूर्ण बंद करून उघडा.

अनामिका२१

वाचनखूण साठवली. मला ॲपल म्युझिकबद्दल विचारायचं आहे. माझ्या स्ट्रीमरच्या ॲपमध्ये ते कुठेच सापडत नाही. काही चुकतंय का?

तारयंत्र

अनामिका, तुमचं काही चुकत नाहीये. ॲपल म्युझिक फार थोड्या कंपन्यांच्या स्ट्रीमरमध्ये आतून बसवलेलं असतं. बाकीच्यांना एअरप्लेचाच रस्ता. ॲपल म्युझिकमध्ये २०२१ पासून लॉसलेस (काहीही न गाळता पाठवलेला आवाज) आहे, थेट २४ बिट/१९२ किलोहर्ट्झपर्यंत, पण एअरप्लेने फोनवरून स्ट्रीमरकडे पाठवताना सीडीच्या दर्जाच्या पुढे जात नाही. सगळं हवंच असेल तर फोन किंवा संगणक यूएसबीने थेट डॅकला (डिजिटल आकड्यांचा आवाज करणाऱ्या यंत्राला) जोडावा लागतो. मग स्ट्रीमर मधून निघूनच गेला.

यूट्यूब म्युझिकचंही साधारण तसंच. तिथे कास्ट हा मार्ग, आणि दर्जा २५६ किलोबिटपर्यंत. म्हणून मी नेहमी सांगतो, आधी सेवा ठरवा, मग तिला आतून ओळखणारा स्ट्रीमर घ्या. उलट्या क्रमाने गेलं की सगळं आयुष्य फोनवर बादल्या भरण्यात जातं.

पूर्णविराम

२४ बिट/१९२ चा एवढा सोस कशासाठी? ४४.१ किलोहर्ट्झच्या नमुन्यांत २२ किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज पूर्ण मावतो, आणि माणसाचा कान तरुणपणीही २० च्या पुढे ऐकत नाही. १६ बिटमध्ये ९६ डेसिबलचा पल्ला मिळतो. घरात पंखा चालू असताना त्यातला निम्माही वापरला जात नाही. स्वरवेल, त्या सेवेच्या सेटिंगमध्ये दर्जा सीडीवर आणा, अडखळणं थांबेल. काहीही गमावणार नाही.

मंद्रसप्तक

पूर्णविराम, गणित तुमचं बरोबर आहे, निष्कर्ष मला पूर्ण पटत नाही. मोठ्या फायलीत कधीकधी रेकॉर्डिंगच वेगळं असतं, नव्याने आणि सावकाश हाताने केलेलं मास्टरिंग, म्हणजे रेकॉर्डिंगवरचा शेवटचा हात. माझ्याकडे एकाच मैफलीच्या दोन आवृत्त्या आहेत. जुनीत तबल्याची थाप दाबून सपाट केलेली आहे, नवीत बायाचा घुमारा पुरा ऐकू येतो. आकडे जाऊ द्या, ती आवृत्ती मला हवी आहे.

पूर्णविराम

मास्टरिंगचा फरक मान्य. पण तीच नवी आवृत्ती सीडीच्या दर्जात आणून ऐका आणि कुणाला तरी न सांगता अदलाबदल करायला लावा. मी हे केलंय, दहापैकी पाच-सहा वेळा ओळखलं, म्हणजे ओळखलंच नाही. चांगलं मास्टर शोधणं यासाठी वेळ द्यावा, आकड्यांसाठी नाही.

वायरमन

या वादात दोघांचं ऐकण्यासारखं आहे, पण अडखळण्याचं कारण दर्जा नाही, वाटेत अडलेलं वाय-फाय आहे. हिशोब बघा. सीडीचा दोन चॅनलचा आवाज सेकंदाला १४११ किलोबिट. २४/१९२ चा ९२१६ किलोबिट, म्हणजे साडेसहापट. फ्लॅकमध्ये (काही न गमावता फाइल लहान करायची पद्धत) आवळल्यावर दोन्ही बरेच कमी होतात, पण प्रमाण साधारण तेच. आता नऊ मेगाबिट म्हणजे आजच्या वाय-फायला काहीच नाही. एवढंही पोचत नसेल तर स्ट्रीमरपर्यंत सिग्नल अगदी मरतुकडा येतोय.

स्वरवेल, स्ट्रीमर ठेवलाय कुठे? ॲम्पच्या मागे, लोखंडी मांडणीत, टीव्हीच्या पाठीशी?

स्वरवेल

वायरमन, तुम्ही घर बघितल्यासारखं लिहिलंय. लोखंडी रॅकच्या खालच्या खणात, ॲम्पच्या मागे. राउटर पलीकडच्या खोलीत, मध्ये दोन भिंती.

आणि हो!! सेटिंग्जमध्ये बघितलं. लोकल नेटवर्कच्या यादीत त्या ॲपपुढचं बटण बंदच होतं. चालू केलं, ॲप परत उघडलं, आणि स्ट्रीमर यादीत पहिल्या ओळीत. महिनाभर मी राउटरवर राग काढत होते. मनापासून आभार.

विमान मोडची परीक्षाही घेतली, मंद्रसप्तक. गाणं चालू राहिलं, पुढचंही लागलं. फोन हातात बंद आणि स्पीकर गातोय, हे बघताना फार बरं वाटलं.

वायरमन

उत्तम. आता शक्य असेल तर राउटरपासून स्ट्रीमरपर्यंत इथरनेटची केबल टाका. केबलने आवाज 'गोड' होतो असं मी म्हणणार नाही. स्ट्रीमर गाण्याचा पुढचा भाग आधीच साठवून ठेवतो, त्यामुळे डेटा पोचला की पोचला, तो कशातून आला याने सुरात फरक पडत नाही. पण पोचायला तर हवा. केबल जमत नसेल तर स्ट्रीमर खणातून काढून रॅकच्या वर मोकळ्यावर ठेवा. ॲम्पला जाणारी तार तेवढी लांब लागेल.

जुना रेडिओ

लॉगिनबद्दल एक अनुभव लिहितो, कुणाच्या तरी कामी येईल.

मी रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर स्वतः स्ट्रीमर बनवलाय, त्यावर गाणी वाजवणारा लिरियन म्युझिक सर्व्हर हा प्रोग्राम चालवतो. पूर्वीचा लॉजिटेक मीडिया सर्व्हर तो हाच. एकदा रात्री वीज गेली, सकाळी आली, आणि सगळ्या सेवांनी लॉगिन नाकारलं. पासवर्ड बदलून झाला, अकाउंट काढून परत घालून झालं. काही उपयोग नाही. संपूर्ण सकाळ त्यात गेली. मग सहज पडद्यावरच्या घड्याळाकडे लक्ष गेलं. तारीख कित्येक महिन्यांपूर्वीची!

कारण असं, की माझ्या पायमध्ये बॅटरीवर चालणारं घड्याळ नाही. सुरू झाल्यावर तो इंटरनेटवरून वेळ विचारून घेतो. त्या दिवशी राउटर पायच्या नंतर जागा झाला, वेळ मिळालीच नाही. आणि सेवेशी सुरक्षित जोडणी करताना प्रमाणपत्राची मुदत तपासली जाते. घड्याळ चुकीचं असेल तर प्रमाणपत्र 'अजून लागू झालेलं नाही' असं ठरतं आणि दार बंद. पाय नुसता पुन्हा सुरू केला, वेळ आली, सगळ्या सेवा आत.

तेव्हापासून लॉगिन अडलं की मी पहिल्यांदा तारीख बघतो.

निवांत

म्हणजे बंद करून चालू केल्यावरच सुटलं ना! पहिल्याच प्रतिसादात सांगितलं होतं :)

जुना रेडिओ

निवांत, हे मात्र खरं. तुमचा उपाय पहिला लावला असता तर सकाळ वाचली असती.

धैवत

लॉगिनचं निघालंच आहे तर आणखी एक. स्ट्रीमरच्या ॲपमध्ये सेवेचं अकाउंट जोडतो तेव्हा स्ट्रीमरकडे बहुतेक वेळा पासवर्ड राहत नाही, सेवेने दिलेला एक परवाना राहतो. पासवर्ड बदलला किंवा 'सगळीकडून बाहेर पडा' केलं की तो परवाना रद्द होऊ शकतो. मग गाणी दिसतात पण वाजत नाहीत, किंवा यादीच रिकामी येते. अशा वेळी स्ट्रीमरच्या ॲपमधून सेवा काढून परत जोडायची. स्ट्रीमर फॅक्टरी रीसेट करायची गरज नसते, तो शेवटचा उपाय.

तिन्हीसांजा

आमच्याकडचा किस्सा सांगते. मुलगा शिक्षणासाठी बाहेर राहतो. एकदा रात्री साडेअकराला अंधाऱ्या हॉलमध्ये अचानक ढोल-ताशासारखं काहीतरी सुरू झालं. आम्ही दोघं धडपडत उठलो. बंद केलं, परत सुरू. बंद केलं, परत सुरू! शेवटी ह्यांनी भिंतीतला प्लगच काढला.

दुसऱ्या दिवशी मुलाचा फोन, 'आई, काल माझा हेडफोन जोडला जात नव्हता.' सुट्टीत घरी आला असताना त्याने आमच्या स्ट्रीमरवर गाणी लावली होती. तेव्हापासून स्ट्रीमर त्याच्या अकाउंटच्या यादीत राहिला होता. हेडफोन समजून तो आमच्या हॉलमध्ये गाणी लावत होता, तिथे त्याला काही ऐकू येत नव्हतं, म्हणून आवाज आणखी वाढवत होता.

तारयंत्र

तिन्हीसांजा, वाचून हसू आवरेना. स्पॉटिफायमध्ये 'फक्त घरच्या नेटवर्कवरची डिव्हाइस दाखवा' असं सेटिंग आहे. मुलाला ते लावायला सांगा. आणि स्ट्रीमरला ठळक नाव द्या, नुसता मॉडेल क्रमांक ठेवू नका.

कोमल रिषभ

आमच्या स्ट्रीमरचं नाव 'गाणारं खोकं' आहे. लेक चार वर्षांची, ती येऊन सांगते, 'खोक्याला म्हण ना पावसाचं गाणं.' चुकून कुणी दुसरं काही समजायची सोय नाही.

सावकाश

आवाजावरून आठवलं, हे जरा गांभीर्याने घ्या. माझा स्ट्रीमर डॅकला, डॅक थेट पॉवर ॲम्पला. मध्ये आवाज कमी-जास्त करणारं काहीच नाही, सगळं स्ट्रीमरच्या व्हॉल्यूमवर. एका अपडेटनंतर आउटपुट आपोआप 'फिक्स्ड'वर गेलं, म्हणजे कायम शंभर टक्के. गाणं लावलं आणि पहिल्या सुरालाच उजव्या स्पीकरचा ट्वीटर, म्हणजे उंच सूर वाजवणारा छोटा भाग, गेला. चुरचुर झाली आणि संपलं. तो आवाज अजून कानात आहे.

फिक्स्ड आउटपुट वाईट नाही. पुढे व्हॉल्यूमचं बटण असलेला ॲम्प असेल तर तेच वापरावं. स्वरवेल यांच्यासारखा जुना इंटिग्रेटेड ॲम्प (व्हॉल्यूमचं बटण त्यातच असलेला) असेल तर काळजी नको. पण मध्ये बटण नसेल तर प्रत्येक अपडेटनंतर आधी सेटिंग बघा, ॲम्प नंतर चालू करा.

मंद्रसप्तक

सावकाश, वाईट वाटलं वाचून.

स्वरवेल, बाबा काय ऐकतात? ख्याल ऐकत असतील तर एक गोष्ट आधी तपासा, ट्रॅकमधली फट. बऱ्याच मैफलींच्या रेकॉर्डिंगमध्ये विलंबित एका ट्रॅकवर आणि द्रुत पुढच्या ट्रॅकवर असतं, पण प्रत्यक्षात गाणं सलग चालू असतं. कास्टने लावलं की बऱ्याच ॲपमध्ये दोन ट्रॅकच्या मध्ये अर्धा-एक सेकंद शांतता पडते. तानपुरा सुरू आहे, समेवर येऊन द्रुताचा मुखडा उचलला जाणार, आणि नेमक्या त्या क्षणी पडदा पडल्यासारखा तानपुरा तुटतो. ज्याने ती मैफल मनात बसवलेली आहे त्याला ते टोचतंच. कनेक्टने किंवा स्ट्रीमरच्या स्वतःच्या ॲपमधून लावलं तर सहसा सलग वाजतं. सेटिंगमध्ये 'गॅपलेस' असेल तर चालू करा, आणि 'क्रॉसफेड' बंद. क्रॉसफेडने एकाचं शेपूट दुसऱ्याच्या तोंडात जातं.

स्वरवेल

मंद्रसप्तक, तुम्ही हे लिहिलंत म्हणून काल मुद्दाम बघितलं. आधी कास्टने लावलं. फट आली तेव्हा बाबांनी मान वर करून स्पीकरकडे बघितलं. बोलले काही नाहीत. मग तेच कनेक्टने लावलं, सलग गेलं. त्यांची मान हलत राहिली. कास्ट बाद.

स्ट्रीमर रॅकच्या वर आणला, अडखळणं नव्वद टक्के गेलं. केबलही टाकणार आहे.

आता बाबांच्या फोनशिवायचं काय? तो प्रश्न मागेच राहिला.

धैवत

खरंच, मूळ प्रश्न बाजूलाच पडला. तुमच्या स्ट्रीमरवर किंवा त्याच्या रिमोटवर प्रीसेटची बटणं आहेत का? आकडे लिहिलेली? असतील तर काम झालं. बऱ्याच स्ट्रीमरमध्ये एकेका बटणाला एखादी प्लेलिस्ट, अल्बम किंवा इंटरनेट रेडिओचं स्टेशन बांधता येतं. बटण दाबलं की स्ट्रीमर झोपेतून उठतो आणि थेट तेच लावतो. फोन लागतच नाही, कारण तारयंत्रांच्या भाषेत नळ त्याच्याकडेच आहे.

माझ्या आईला मी असंच करून दिलंय. रिमोटवरची बाकीची बटणं जाड चिकटपट्टीने झाकली, फक्त तीन उघडी ठेवली आणि त्यांवर फुगीर ठिपके चिकटवले. तिला कमी दिसतं, बोटाने चाचपून कळतं.

जुना रेडिओ

रिमोट नसेल तर लिरियनमध्ये गजराची सोय आहे. ठरलेल्या वेळी ठरलेली प्लेलिस्ट, हळूहळू वाढत जाणाऱ्या आवाजात.

धैवत

जुना रेडिओ, गजर चांगला, पण स्वरवेल यांनी लिहिलंय की बाबांना स्वतःच्या हाताने लावायचं असतं. गजर म्हणजे पुन्हा दुसऱ्यानेच लावलेलं गाणं. बटणच हवं.

जुना रेडिओ

बरोबर. ते वाक्य माझ्या नजरेतून सुटलं.

तिन्हीसांजा

स्वरवेल, एक सांगू का गं, बाबांसाठी वेगळं अकाउंट काढ. तुझ्याच अकाउंटवर बटणं बांधलीस तर तू बाहेर कुठे गाणी लावलीस की घरी त्यांचं बंद पडेल. एका अकाउंटवर एका वेळी एकच ठिकाणी वाजतं. कुटुंबाच्या प्लॅनमध्ये प्रत्येकाचं अकाउंट वेगळं असतं, तसं कर. आमच्याकडे या कारणाने दोनदा भांडणं झालीत.

वायरमन

तिन्हीसांजांचा मुद्दा सोन्याचा. शिवाय स्ट्रीमरमध्ये 'ऑटो स्टँडबाय' आणि 'नेटवर्क स्टँडबाय' अशी दोन सेटिंग बघा. दुसरं चालू हवं, नाहीतर तो गाढ झोपतो आणि सकाळी उठून वाय-फाय शोधण्यात मिनिटभर घालवतो. तेवढ्यात बाबा बटण चार वेळा दाबतील.

स्वरवेल

आठवड्याने लिहितेय, उशिराबद्दल क्षमस्व.

केबल टाकली. २४/१९२ आता न अडखळता वाजतं. पूर्णविराम, मी दर्जा सीडीवरच ठेवलाय, मला फरक कळला नाही. मंद्रसप्तक, तुम्ही म्हणता तसं चांगलं मास्टर शोधतेय.

रिमोटवर चार प्रीसेट निघाले. बाबांचं अकाउंट वेगळं काढलं. एक नंबरला त्यांच्या आवडीच्या सकाळच्या रागांची यादी, दोनला नाट्यपदं. धैवत, तुमची चिकटपट्टीची कल्पना जशीच्या तशी उचलली. ठिपके म्हणून आईच्या शिवणाच्या डब्यातली दोन बारीक बटणं चिकटवली.

पहिल्या दिवशी बाबांनी अंगठा टेकवला पण कंपामुळे दोनदा दाबलं गेलं, आणि लागलं ते लगेच थांबलं. त्यांनी रिमोट खाली ठेवला. मला वाटलं, झालं, आता ते पुन्हा हात लावणार नाहीत. पण थोड्या वेळाने त्यांनीच रिमोट टेबलावर आडवा ठेवला, डावा हात त्यावर दाबून धरला आणि उजव्या हाताच्या मधल्या बोटाने एकदाच दाबलं. लागलं. आता रोज सहा वाजता माझ्या खोलीपर्यंत ललत ऐकू येतो.

तीन नंबर अजून रिकामा आहे. त्यावर काय हवं ते विचार करून सांगतो म्हणालेत.

धैवत

वाचून फार आनंद झाला. दोनदा दाबल्यावर थांबतं त्यावर उपाय आहे. काही स्ट्रीमरमध्ये तेच प्रीसेट पुन्हा दाबलं की थांबायचं की चालू ठेवायचं हे निवडता येतं, ॲपमध्ये प्रीसेटच्या पानावर बघा. शिवाय एक आणि दोन, दोन्ही बटणांना तीच यादी बांधून बघा आणि नाट्यपदं चारवर न्या. बोट शेजारी सरकलं तरी तेच लागेल.

आणि यादी तुम्ही स्वतः बनवलेलीच बांधा. सेवेने तयार केलेल्या याद्या मधूनच बदलतात, मग एक दिवस सकाळी सहाला भलतंच काही लागायचं.

स्वरवेल

यादी माझीच आहे, बाबांना शेजारी बसवून केली. दोनदा दाबण्याचं सेटिंग आज रात्री बघते.